फिश ऑइलच्या गोळ्यांनी कर्करोग टळतो का?

ताई, तुम्ही विचारलंय की आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, तुमचं वय आता ४२, तर रोज फिश ऑइलची गोळी घेतली तर तो टाळता येईल का. माझं औषधांचं दुकान आहे. हा प्रश्न काउंटरवर वरचेवर येतो आणि विचारणाऱ्याची भीती मला कळते. म्हणून सरळ सांगतो, त्या भरवशावर गोळी घेऊ नका.

आशा वाटायला कारण आहे. माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं असतात. ती शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, कमी करायला मदत करतात, आणि वर्षानुवर्षं धुमसणारा दाह काही कर्करोगांना खतपाणी घालतो. प्रयोगशाळेत पेशींवर, उंदरांवर परिणाम दिसलेही. माणसांत मात्र तसं झालं नाही. अमेरिकेत 'व्हायटल' नावाची चाचणी झाली, २५,८७१ जणांवर. निम्म्यांना रोज १ ग्रॅमची ओमेगा-३ गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. पाचेक वर्षांनी मोजलं तर ओमेगा-३ घेणाऱ्यांत ८२० जणांना कर्करोग, दुसऱ्या गटात ७९७. २०१९ साली निकाल छापून आला. स्तनाच्या कर्करोगातही ठोस फरक नव्हता.

त्या गोळीत ईपीए-डीएचए मिळून ८४० मिलिग्रॅम होतं. आपल्याकडची साधी बाटली उलटी करून बघा. पुढे ठळक १००० मिलिग्रॅम, ते सगळ्या तेलाचं वजन, आणि मागे बारीक अक्षरात बहुतेक वेळा ईपीए १८०, डीएचए १२०, म्हणजे मिळून ३००. एवढ्यासाठी दर महिन्याला पैसे घालवावेत असं मला अजिबात वाटत नाही.

मासे खात असाल तर बांगडा, तारली खुशाल खा. त्यात हेच ओमेगा-३ भरपूर असतं, शिवाय प्रथिनं मिळतात. पण तेही जेवण म्हणून, कर्करोगावरचा उपाय म्हणून नव्हे. गोळ्या घ्यायच्याच असतील आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. जास्त मात्रेत ठोक्यांचा त्रास वाढलेला दिसलाय.

तुमच्या बाबतीत खरा उपयोग तपासणीचा आहे. आईला कितव्या वर्षी निदान झालं? आजी, मावशी, आत्या, कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होता का? हे लिहून काढा आणि कर्करोगतज्ज्ञांना भेटा. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) कधीपासून, जनुकीय चाचणी हवी का, हे ते त्यावरूनच ठरवतील. आईचा बायोप्सीचा जुना रिपोर्ट कपाटात असेल तर तोही सोबत न्या.