आधी फोन कर

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. दवाखाना बंद असताना रुग्णांसाठी काय करता येईल, असं तू विचारलं आहेस. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महामारी जाहीर केली आणि दातांची नेहमीची कामं ठिकठिकाणी थांबली. थुंकीच्या तुषारांची भीती खरी होती, थांबलं ते बरंच झालं. पण दाढ भरून झाली की रुग्ण मोकळा होतो. आपण वेडेवाकडे दात तारांनी सरळ करणारे, आपला रुग्ण दीड-दोन वर्षं आपलं काम तोंडात घेऊन फिरतो, आणि दर चार-सहा आठवड्यांनी आपण बघतो या भरवशावर असतो. तो भरवसा तुटला की मन भलतंच रचू लागतं. दात भलतीकडे सरकले तर? इतके महिने सोसलं ते वाया गेलं तर?

म्हणून फोन कर. नुसतं 'काळजी करू नका' सांगायला नव्हे. त्याच्या तोंडात काय चाललंय ते नीट उलगडून सांग. निकेल-टायटॅनियमची तार हलकेच काम करत राहते, दात ओढणाऱ्या रबरी साखळीचा, म्हणजे पॉवर चेनचा, बराचसा जोर पहिल्या दिवसातच उतरतो. दातांवर चिकटवलेले, तार धरून ठेवणारे ब्रॅकेट निघाले नसतील तर काही आठवड्यांच्या उशिराने सहसा उपचार बिघडत नाहीत, लांबतात. लांबतील हे लपवू नकोस. मी एका मुलापासून लपवलं होतं. पुढे कित्येक महिने तो माझ्याशी धड बोलला नाही.

टोचणाऱ्या तारेवर मेण कसं लावायचं, ते व्हिडिओ कॉलवर करून दाखव. गाल रात्रभर टोचत राहिला की झोप उडते आणि बाकीची भीतीही वाढते.

वयात येणाऱ्या मुलांना जास्त वेळ दे. ऑनलाइन वर्गात दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर असतो, एकेक दात खटकू लागतो. फोन आईने उचलला तरी मुलाशी वेगळं बोल. झोप लागते का, मित्रांशी बोलणं होतं का, विचार. ब्रश करणं सोडलं असेल तर रागावू नकोस. चारेक आठवड्यांत ब्रॅकेटभोवती पांढरे डाग दिसू शकतात हे जरूर सांग, पण ब्रश का सुटला तेही ऐकून घे. कधीकधी त्यामागे आळस नसतो, उदासी असते. जगणंच नकोसं झालंय असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवू नकोस. घरच्यांना सांग आणि मानसोपचारतज्ज्ञाशी त्याच दिवशी गाठ घालून दे.

आता रुग्णांची यादी काढ. ज्यांच्या टाळूला वरचा जबडा रुंद करणारा एक्स्पांडर आहे आणि घरी त्याची किल्ली फिरवली जाते, त्यांना आजच गाठ. पुढचं सांगेपर्यंत किल्ली फिरवायची नाही, एवढं आधी सांग. बाकीचे उद्यापासून.

तुझा,
सर