पदवी झाली, आता नर्सिंग करू का?

विद्यापीठाचे निकाल लागले की माझ्याकडे एकाच छापाची पत्रं यायला लागतात. बी.ए. झालंय, बी.एस्सी. झालंय, एम.एस्सी.ला नंबर लागला नाही, स्पर्धा परीक्षेत दोन वर्षं गेली, आता नर्सिंग करू का? मी 31 वर्षं सरकारी नोकरीत होते, त्यातली शेवटची 19 पाठ्यनिर्देशिका म्हणून, म्हणजे नर्सिंग शिकवणारी सिस्टर. नर्सिंग म्हणजे सगळं करून थकल्यावर धरायची शेवटची गाडी, हा समज तेव्हाही होता, आजही आहे. यंदाची काही पत्रं घेते. नावं काढली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न (चोपडा) : माझी बारावी पीसीबी, नंतर रसायनशास्त्रात बी.एस्सी., 74 टक्के. बी.एस्सी. नर्सिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का? मैत्रिणीच्या मावसभावाला मिळाला म्हणतात.

नाही. 4 वर्षं म्हणजे पूर्ण 4 वर्षं. तो मावसभाऊ आधी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेला असणार आणि त्याने 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं असणार. ते फक्त नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी असतं. तुमचे 74 टक्के इथे कोणी विचारणार नाही. पात्रता बारावीवर ठरते : भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन, खुल्या गटाला 45 टक्के, राखीवला 40. सीईटीला तुमच्या शेजारच्या बाकावर सतरा वर्षांची मुलगी असेल. ते चालत असेल तरच फॉर्म भरा.

प्रश्न (धुळे) : बारावी आर्ट्स, मराठीत बी.ए. बी.एस्सी. नर्सिंग जमेल?

बारावीला विज्ञान नाही, म्हणून नाही. जीएनएम जमेल : 3 वर्षं, कुठलीही शाखा, बारावीला इंग्रजी आणि किमान 40 टक्के. यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

प्रश्न (यावल तालुका, एका वडिलांचं पत्र) : मुलगी बी.कॉम. झाली. जवळच एक संस्था 1 वर्षाचा 'डिप्लोमा इन नर्सिंग' देते. सरकारमान्य आहे, 100 टक्के नोकरीची हमी, कॉलेजला रोज यायची गरज नाही. फी 60 हजार. शनिवारपर्यंत भरली तर 10 हजार सूट. केळीच्या पट्टीचे पैसे हातात आहेत. भरू का?

भाऊ, भरू नका. शनिवारी तर मुळीच नको.

तुम्ही केळीचे शेतकरी आहात. टिश्यूची रोपं घेताना लॅब कुठली, पावती पक्की आहे का, मागच्या वर्षी कोणाच्या शेतात लागली, हे सगळं विचारल्याशिवाय तुम्ही एक रोप उतरवून घेत नाही. मग मुलीच्या बाबतीत रंगीत पत्रकावर विश्वास कसा बसला?

नीट ऐका. आपल्याकडे नवख्या मुलीला नर्स होण्याच्या वाटा तीनच. एएनएम (सहायक परिचारिका) 2 वर्षं, जीएनएम 3 वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षं. यातलं काहीतरी पूर्ण केलं की मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवता येतं. तो नोंदणी क्रमांक हाच खरा दाखला, भिंतीवरचं प्रमाणपत्र नव्हे. 1 वर्षाचे विशेष कोर्स असतात, पण ते आधीच नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी. बारावी किंवा बी.कॉम. झालेल्या मुलीला 1 वर्षात नर्स करणारा कोर्स या राज्यात नाही.

मग 'सरकारमान्य' म्हणजे काय? बहुतेक वेळा संस्थेची ट्रस्ट म्हणून झालेली नोंदणी. कधी आयएसओचा शिक्का. कधी खरोखरच रुग्ण-सहायकाचा कौशल्य कोर्स असतो. तो वाईट नाही, पण तो करून मुलगी सहायक होते, सिस्टर होत नाही, आणि त्याला 'डिप्लोमा इन नर्सिंग' म्हणणं ही फसवणूक आहे. त्यांना एवढंच विचारा : परीक्षा कोण घेतं? एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्याचं नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी.ची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, कॉलेज अभिमत विद्यापीठाचं असेल तर ते विद्यापीठ. यापलीकडचं नाव निघालं तर चहा पिऊन घरी या. यातलं नाव सांगितलं तरी यंदाचं मान्यतापत्र मागा, त्यावर किती जागांना मान्यता आहे ते वाचा, आणि राज्य परिषद व भारतीय परिचर्या परिषद अशा दोन्ही याद्यांत कॉलेजचं नाव बघा.

आता 'रोज यायची गरज नाही' याबद्दल. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात वर्गाला आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के हजेरी लागते. पदवी हातात पडण्याआधी वॉर्डातल्या प्रत्येक विभागाची हजेरी 100 टक्के भरून द्यावी लागते. बाळंतपणाच्या विभागातले चार दिवस बुडाले तर ते चार दिवस नंतर भरायचे. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय असावं असा साधारण नियम आहे, तो कशासाठी? दोन खोल्या आणि एक प्लास्टिकची बाहुली यावर सलाईन लावायला शिकता येत नाही. ज्या मुलीने एकही रात्र वॉर्डात काढली नाही, तिच्या हाती तुम्ही तुमची आई सोपवाल का?

अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. 1 वर्षाचा कोर्स करून सहा वर्षं एका खासगी दवाखान्यात राबली होती. हात चांगला होता, शिरा पटकन सापडायच्या. सरकारी जाहिरात आली तेव्हा नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात लिहायला तिच्याकडे काहीच नव्हतं. वयाच्या 27 व्या वर्षी ती जीएनएमच्या पहिल्या वर्षाला बसली आणि बेड बनवण्यापासून सगळं पुन्हा शिकली. तिच्या सहा वर्षांचा हिशेब त्या संस्थेने कोणाला दिला नाही.

शेवटचं : मूळ मार्कशीट आणि टीसी कोणत्याही संस्थेत 'जमा' म्हणून ठेवून येऊ नका. दाखवा, पडताळून घ्या, परत आणा. आणि एक दिवस काढून मुलीला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलच्या प्राचार्यांना भेटा. त्यांना यातून काही मिळवायचं नसतं, म्हणून त्या खरं सांगतात.

प्रश्न (धडगाव) : मी मुलगा, बी.एस्सी. झालोय. घरी पावरी बोलतो. नर्सिंगला जातो म्हटलं की मित्र हसतात.

हसू द्या. मुलांना जागा कमी असतात हे खरं. एम्सच्या भरतीत 80 टक्के महिला आणि 20 टक्के पुरुष असा हिशेब राहिला आहे, आता तिथे आणि राज्याच्या जाहिरातीत काय आहे ते त्या-त्या वेळी वाचा. पण तुमच्याकडे जे आहे ते पुस्तकात मिळत नाही. सातपुड्यात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. हाडं ठणकायला लागली की पावरा बाई जे बोलते ते नाशिकहून आलेल्या सिस्टरला कळत नाही आणि मग दुखण्याची गोळी उशिरा मिळते. आमच्या वॉर्डात 'मन्हं पोट दुखस' एवढी अहिराणी न कळल्यानेही घोटाळे झालेले मी पाहिलेत, पावरी तर पुढची गोष्ट. घरात सिकलसेल असेल तर स्वतःची तपासणी करून घ्या आणि निकाल घेऊन डॉक्टरांशी बोला. रात्रपाळी आणि कमी पाणी पिणं त्या आजाराला मानवत नाही.

प्रश्न (भुसावळ) : वय 28, एम.ए., लग्न झालंय, मुलगा 3 वर्षांचा. सासूबाई म्हणतात पुढच्या वर्षी बघू. उशीर झाला का?

अजून झाला नाही, पण 'पुढच्या वर्षी बघू' हेच घात करतं. आकडे मांडू. प्रवेशाची वयोमर्यादा 17 ते 35 अशी आहे, ती यंदाच्या माहितीपत्रकात पडताळा. बारावी विज्ञान असेल आणि यंदाच बी.एस्सी. नर्सिंगला बसलात तर 32 व्या वर्षी बाहेर पडाल. एम्सच्या परीक्षेची मर्यादा खुल्या गटाला 30, ओबीसीला 33, एससी-एसटीला 35. म्हणजे खुल्या गटात असाल तर तो दरवाजा आजच बंद आहे. राज्य सरकारी भरतीला 38, मागासवर्गीयांना 43. तिथे तुम्हाला सहा वर्षं मिळतात, आणि अधिपरिचारिकेचं (म्हणजे स्टाफ नर्सचं) मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं. बारावी आर्ट्स असेल तर जीएनएम करून 31 व्या वर्षी मोकळ्या व्हाल.

दरवर्षी एक वर्ष ढकललंत की या सहांतून एक वजा होतं. सासूबाईंना हा कागद दाखवा. पण त्याआधी घरात एक गोष्ट उघड बोला : शेवटच्या सत्रात इंटर्नशिप असते, आठवड्याला 48 तास, रात्रपाळ्यांसकट. त्या रात्री मुलाला कोण झोपवणार? 'होईल काहीतरी' हे उत्तर नाही. बरीच कॉलेजं वसतिगृहाची सक्ती करतात, ते प्रवेशाआधी लेखी विचारा. आणि हिपॅटायटिस बी ची लस आत्तापासून सुरू करा. तीन डोस, 0, 1 आणि 6 महिन्यांनी. पुढच्या बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना विचारून मगच वेळापत्रक ठरवा.

प्रश्न (शिरपूर) : बी.ए.ला शिष्यवृत्ती मिळाली होती. आता नर्सिंगलाही मिळेल ना? एजंट 'हो' म्हणतो.

एजंट फीच्या पावतीपर्यंतच 'हो' म्हणतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमात असं आहे की एकदा एक पायरी पूर्ण केली आणि त्याच पायरीवरचं दुसरं शिक्षण घेतलं, म्हणजे बी.ए. नंतर बी.कॉम., तर शिष्यवृत्ती नाही. बी.ए. नंतर बी.एस्सी. नर्सिंग त्याच चौकटीत जायची दाट शक्यता आहे. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, पण ती केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांनाच. मॅनेजमेंट कोट्याला नाही. दुसऱ्या पदवीला ती लागू होईल का, हे धुळ्याला समाजकल्याण कार्यालयात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. तोंडी 'होऊन जाईल' वर घरचं गणित बसवू नका. मी पहिल्या वर्षातून मुली परत जाताना पाहिल्या आहेत, त्या अभ्यासाला कंटाळून गेल्या नव्हत्या.

प्रश्न (पाचोरा) : अमेरिकेत म्हणे पदवीधरांना 1 वर्षात नर्सिंग होतं. मग इथे 4 वर्षं कशाला?

तिथे दुसऱ्या पदवीचे साधारण वर्ष-दीड वर्षाचे कोर्स आहेत, खरं आहे. त्यांची फी डॉलरमध्ये असते आणि आधी तिथले विषय पूर्ण असावे लागतात. इथून जायचं तर इथेच नर्स व्हा, मग तिथली एनसीएलईएक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा द्या. एजंटच्या ऑफिसात जाण्याआधी तिथे आज काम करणाऱ्या एखाद्या परिचारिकेशी बोला.

प्रश्न (अमळनेर) : रक्त पाहून चक्कर येते.

पहिल्या महिन्यात पुष्कळांना येते. नंतरही येत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (जळगाव) : एम.एस्सी. झाले, नोकरी नाही. नर्सिंगची आवड आहे की नुसता नाइलाज आहे, हे कसं ओळखू?

पत्रांच्या ढिगात हा एकच प्रश्न असा होता की ज्याने मला थांबवलं. उत्तर माझ्याकडे नाही, वॉर्डात आहे. घरातलं किंवा ओळखीचं कोणी दाखल असेल तर तीन दिवस सोबत म्हणून थांबा. गप्पा मारायला नको, बघायला. सकाळी चादरी बदलताना, बेडपॅन देताना, दुपारी नातेवाईक ओरडताना सिस्टर काय करतात ते बघा. रात्री दोनला बघा.

माझ्या हाताखाली एक मुलगी होती, एम.एस्सी. रसायन. हिशेबात सगळ्यांच्या पुढे. 500 मिलीची सलाईन 8 तासांत, सेट 20 थेंबांचा (1 मिलीला 20 थेंब), मिनिटाला किती? बाकीच्या कागद शोधेपर्यंत ती म्हणायची 21. एकदा तिने घड्याळ धरून बरोबर 21 थेंब लावले आणि पुढच्या खाटेकडे गेली. अर्ध्या तासाने मी फेरीला आले तर आजोबांचा हात कोपरापर्यंत टम्म फुगलेला, सुई शिरेतून निसटलेली, आणि आजोबा गप्प. मी विचारलं तर म्हणाले, पोरगी मन लावून मोजत होती, मध्ये कशाला बोलू.

ती मुलगी रडली नाही. सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला, मला विचारून दुसऱ्या हाताला लावली. त्या दिवसापासून थेंब मोजण्याआधी ती हात बघायची, आणि चेहराही. आज ती परिसेविका आहे, वॉर्डाची प्रमुख सिस्टर. तिला आवड होती का, हे तिला त्या दिवसाआधी सांगता आलं नसतं. तुम्ही तीन दिवस काढा, मग जिल्हा रुग्णालयाच्या अधिसेविकेला (मेट्रनला) भेटा आणि मला पुन्हा लिहा.

प्रश्न (चाळीसगाव) : सीईटीची तारीख गेली. एक जण मागच्या दाराने करून देतो म्हणतो.

सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मुदतवाढीची सूचना आहे का ते आज संध्याकाळी बघा. नसेल तर पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा अभ्यास सुरू करा. त्या माणसाचा नंबर फोनमधून काढून टाका.