माझी मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत. त्यांना वेगवेगळ्या हॉटेलात नेऊन दुसऱ्यांची संस्कृती खरंच कळते का, की नुसते पैसे जातात?

तुमच्या मुलांची वयं सांगितलीत, माझी साधारण तेवढीच होती तेव्हा आम्ही हा उद्योग सुरू केला. मॉलमधल्या मल्टिक्युझिन हॉटेलात मात्र काही कळत नाही हो, तिथे पंजाबी काय नि चायनीज काय, सगळ्याची चव एकच आणि पोरं मोबाईलमध्ये. ज्यांचं जेवण आहे ती माणसं स्वतः जिथे जेवायला येतात तिथे न्या.

आम्ही डोंबिवलीचे, त्यामुळे स्लो ट्रेन पकडून माटुंग्याला उतरायचं, स्टेशनसमोरच रामा नायकांचं उडुपी, १९४२ सालचं, केळीच्या पानावर जेवण. पहिल्या वेळी धाकट्याच्या भातावर रसम ओतलं आणि ओघळ निघाला तो थेट त्याच्या चड्डीवर. शेजारी एक तमिळ आजोबा जेवत होते, ते काही बोलले नाहीत, फक्त स्वतःच्या भाताला मधे खळगा करून त्यात रसम घेऊन दाखवलं. पोराने बघून बघून तसंच केलं, आता घरी आमटीभातही तसाच खातो. उडुपीच्या कृष्णमठातल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो हे घरी आल्यावर त्याने आजीला सांगितलं तर आजी म्हणे, मग आपल्या नैवेद्यात तरी कुठे असतो रे!

दुसरं आमचं ठिकाण म्हणजे धोबी तलावचं कयानी, १९०४ पासूनचं इराणी. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवताना मोठीने विचारलं, हे लोक खरंच इराणचे का? हो, इराणातल्या यझ्द-केरमानकडून आलेले झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे, पण पारशी त्यांच्या कितीतरी शतकं आधी आलेले, हा फरक मलाही तिच्या प्रश्नामुळे वाचावा लागला.

फसलंय पण. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला संध्याकाळी ऐन गर्दीत नेलं, धाकटा रडून रडून लाल, मालपुव्याचे दोन घास खाल्ले आणि शेवटी सीएसएमटीला वडापाव. तेव्हा गर्दीच्या वेळी आणि पोरं भुकेने कावलेली असताना नवीन काही नको, आणि एक ओळखीचा पदार्थ मागवाच, डोसा, आम्लेट काहीही.

खर्चाचं म्हणाल तर ही सगळी ठिकाणं मॉलपेक्षा स्वस्तच पडतात. पालेभाजी मात्र घरी अजून खात नाहीत, ते काही मला जमलेलं नाही.