पुस्तक स्वतःच ॲमेझॉनवर काढावं की पॅकेज देणाऱ्या प्रकाशकाकडे जावं?

स्वतः काढा. लेखकाकडूनच पैसे घेतो तो प्रकाशक नव्हे, छापखाना. बिलावर ‘पॅकेज’ लिहितो एवढंच.

हे आमच्या थोरल्या भावजींना आजतागायत पटलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावते. माझा कथासंग्रह मी केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वतः पुस्तक काढायच्या सेवेवर, काढला. मुखपृष्ठ मुद्दाम शेवटी केलं, कारण कण्याची जाडी पानांच्या संख्येवर ठरते. आतला टाइप 11 चा 12 केला की पानं वाढतात आणि कण्यावरचं नाव घसरून पुढे येतं. बांधणीकडचा समासही ऐसपैस ठेवला, नाहीतर ओळींची टोकं घडीत जातात. मग प्रूफ, म्हणजे विक्रीआधी तपासायची नमुना प्रत, मागवलं. प्रूफच्या मुखपृष्ठावर ‘नॉट फॉर रीसेल’ असा आडवा पट्टा असतोच, विक्रीच्या प्रतीवर नसतो. भावजींनी प्रत उलटीसुलटी केली, पट्टा वाचला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “विकू नका, असं त्यांनीच लिहून दिलंय. प्रकाशकाचं नाव नाही, म्हणजे झेरॉक्सच की ही!”

त्यांचे ललित लेख पॅकेजमधूनच आलेत. प्रकाशकाचं नाव ठसठशीत आहे. खोकी दिवाणाखाली आहेत. केर काढताना जाऊबाई ती पायाने सरकवतात. मागणी आली की एक प्रत छापायची, या केडीपीच्या पद्धतीत खोकी नसतातच.

आता पैशांचं. ई-बुकवर ठराविक किंमतपट्ट्यात आणि अटी पाळल्या तर किमतीच्या 70 टक्के लेखकाला, एरवी 35. छापील पुस्तकात किमतीनुसार 50 किंवा 60 टक्के, आणि त्यातून छपाईखर्च वजा. म्हणजे जाडजूड पुस्तक स्वस्तात विकायचं म्हटलं तर हाती जवळजवळ काही उरत नाही. फुकट मिळणारा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) दुसरीकडे वापरता येत नाही, आणि त्यावर प्रकाशक म्हणून ‘इंडिपेंडंटली पब्लिश्ड’ लागतं. लागू दे.

हां, दुकानांत पुस्तक दिसावं अशी हौस असेल तर हा रस्ता अवघड आहे. दुकानदाराला घसघशीत कमिशन हवं असतं आणि न खपलेला माल परत करायची सोयही. शिवाय संपादन पदरच्या पैशाने चांगल्या माणसाकडून करून घ्या, तिथे कंजुषी नको. (पॅकेजमध्येही ‘संपादन’ असतं. भावजींच्या पुस्तकात अनुक्रमणिकेतले पृष्ठांक दोन ठिकाणी चुकलेत. मी बोलले नाही.)

आणि ई-बुक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ते फक्त ॲमेझॉनलाच द्यायच्या योजनेत, टाकलंत तर 90 दिवस ते दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. मुदत संपली की आपोआप पुढे चालू होते, नको असेल तर आपोआप चालू ठेवायची ती खूण आठवणीने काढा.