खाणीशेजारच्या नदीचं पाणी तपासतो, मग प्रवाह कशाला मोजायचा?

तुम्ही खाणीच्या खालच्या अंगाला दर महिन्याला नमुना घेता, रिपोर्ट मर्यादेत येतो, म्हणून प्रवाह मोजायची गरज काय, असं विचारलंय. गरज त्या रिपोर्टमुळेच आहे. एका लिटरमध्ये दूषित घटक किती ते रिपोर्ट सांगतो. नदीतून एकूण किती गेलं ते नाही.

समजा, उन्हाळ्यात नदी सेकंदाला 50 लिटर वाहतेय आणि सल्फेट (खाणीच्या खडकातून पाण्यात उतरणारा क्षार) लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. दिवसाला 864 किलो झालं. पावसाळ्यात विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, 1000 लिटर, सल्फेट फक्त 40. कागदावर पाणी सुधारलं. प्रत्यक्षात दिवसाला 3456 किलो चाललंय, म्हणजे चौपट. नमुना घ्याल त्याच वेळी विसर्ग मोजा, नाहीतर हे कळणारच नाही.

यंत्र नसेल तर सरळ, मोकळा पट्टा निवडा. 10 मीटर अंतर आखून अर्धी भरलेली छोटी बाटली धारेत सोडा. चार-पाच वेळा वेळ घ्या, सरासरी काढा. समजा 20 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण पृष्ठभाग तळापेक्षा जोरात पळतो, म्हणून 0.85 ने गुणा. मग काठापासून काठापर्यंत टेप ताणून दर अर्ध्या मीटरला खोली मोजा आणि पात्राच्या छेदाचं क्षेत्रफळ काढा. क्षेत्रफळ गुणिले वेग, झाला विसर्ग. ढोबळच, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा. वेगमापक मिळाला तर उथळ पाण्यात तो पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 वर धरा, आणि आपले पाय प्रवाहाच्या आड येऊ देऊ नका.

रोज हे शक्य नसतं, म्हणून काठाला पातळीपट्टी लावतात आणि कोणत्या पातळीला किती विसर्ग असतो त्याचा आलेख बनवतात. इथे मी एकदा फसलोय. एका पुराने तळ खरवडून नेला होता आणि मी दोन महिने जुन्याच आलेखावरून आकडे भरत राहिलो. मोठा पूर ओसरला की पुन्हा मोजणी करा.

खाणीच्या वरच्या अंगाला, जिथे तिचं पाणी अजून मिसळलेलं नाही, तिथेही एक ठिकाण ठेवा. खाणीतून उपसलेलं पाणी नदीत सोडत असतील तर खाली नदी भरलेली दिसते. त्याच उपशाने भूजल खाली जात असतं, आणि उन्हाळ्यात नदीला तेच तर पाणी पुरवतं. पंप बंद पडल्याशिवाय हे उघडं पडत नाही. दोन्हीकडचा विसर्ग आणि सोडलेल्या पाण्याची मोजणी हाताशी असेल तर आधीच कळतं.

आणि नुसत्या सामूवर (pH, पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) विसंबू नका. खडकात चुना असेल तर तो खाणीतून येणारं आम्ल मारतो. सामू 7 च्या आसपासच राहतो, सल्फेट मात्र वाढत जातं. हातातल्या छोट्या मीटरवर विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांबरोबर ती वाढते) चढताना दिसते, तळाच्या दगडांवर लोखंडाची नारिंगी साय धरायच्या कितीतरी आधी.