खरिपाच्या तोंडावर सॉफ्टवेअर बदलू का?

प्रश्न: नमस्कार ताई, जालना जिल्ह्यात आमची तीन कृषी सेवा केंद्रं आणि एक गोदाम आहे. बिलं टॅलीत, खताची विक्री पॉस मशीनवर (अनुदानाच्या खताची सरकारी नोंद होते ते यंत्र) आणि उधारी वहीत असा कारभार आहे. एका कंपनीने ईआरपीचं, म्हणजे बिलं, साठा, उधारी सगळं एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, 6 लाखांचं कोटेशन दिलंय, जूनच्या आत चालू करून देतो म्हणतात. घेऊ का?

उत्तर: दादा, जूनच्या आत अजिबात नको. घ्यायचं की नाही ते नंतर बघू, आधी घरात बसून एवढं ठरवा की तुमचा पैसा नेमका कुठे अडकतोय, उधारीत की एक्सपायर झालेल्या औषधांत? उधारी असेल तर शेतकऱ्याच्या नावावर तिन्ही दुकानांची बाकी एकत्र दिसायला हवी, औषधं असतील तर बॅच नंबर आणि एक्सपायरी खरेदीच्या वेळीच चढायला हवी, आणि हे ठरल्याशिवाय डेमो बघायला बसलात तर सगळंच आवडतं आणि सगळ्याचेच पैसे लागतात.

मी एका दुकानात साठा तपासायला बसले होते, तिथे एकच गोणी टॅलीत 'युरिया 45', गोदामाच्या वहीत 'नीम युरिया' आणि दुसऱ्या काउंटरवर अजून 'युरिया 50', 50 किलोची गोणी 2018 मध्येच 45 किलोची झाली तरी! अशी यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली की घोळ तोच राहतो, फक्त स्क्रीनवर दिसतो. म्हणून आधी मालाची एकच यादी करा, आणि ती गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवून करा, त्याला जे माहितीये ते तुमच्या अकाउंटंटला माहीत नसतं.

घाईचं म्हणाल तर अमेरिकेतली हर्शी ही चॉकलेट कंपनी बघा. 4 वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकून 1999 च्या जुलैत त्यांनी 11 कोटी डॉलरची सिस्टीम चालू केली, आणि पुढे हॅलोविन, तिकडचा मुलांना चॉकलेट वाटायचा सण, म्हणजे त्यांचा खरीपच! गोदामात चॉकलेट पडून, दुकानात जाईना, जवळपास 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकल्या.

तुम्ही रब्बीची गर्दी ओसरली की फेब्रुवारीत एकाच दुकानात चालू करा, महिनाभर वही पण सोबत ठेवा, रोज संध्याकाळी दोन्ही जुळवा, जुळलं की मगच बाकीची दुकानं. आणि त्या कंपनीला आत्ताच विचारा की पॉस मशीनमधला खताचा साठा तुमच्या सॉफ्टवेअरशी कसा जुळवणार, उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.