तळावरची नोकरी: पगाराआधी धुराची चौकशी करा

प्रश्न: मुलगा आयटीआयमधून एसी-फ्रीजचं काम शिकला. सध्या इथेच दुरुस्तीला जातो. एजंटने आखातातल्या अमेरिकी लष्करी तळावर एसी मेकॅनिकची नोकरी आणली आहे, पगार इथल्या चौपट. पण अशा तळांवर कचरा जाळतात आणि त्या धुराने माणसं आजारी पडतात, असं कळलं. त्याला लहानपणी दमा होता. पाठवू का?
– एक आई, चिपळूण

उत्तर: ताई, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. इराक आणि अफगाणिस्तानातल्या तळांवर वर्षानुवर्षं सगळा कचरा उघड्या खड्ड्यांत विमानाचं इंधन ओतून जाळत असत. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा, अगदी मैलासुद्धा. बगदादच्या उत्तरेला बलादच्या तळावरचा खड्डा जवळपास दहा एकरांचा होता. त्या धुरात डायॉक्सिन, बेंझिन ही विषारी रसायनं आणि फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण असतात. आणि एसीच्या फिल्टरवर, बाहेरच्या कॉइलवर जी काजळी साचते, ती झटकून धुऊन काढायचं काम मेकॅनिकचंच.

धाप लागणाऱ्या ८० अमेरिकी सैनिकांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा ३८ जणांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या निघाल्या. त्यातले बरेच जण २००३ मध्ये मोसुलजवळ लागलेल्या गंधकाच्या आगीच्या धुरात सापडले होते, त्यामुळे सगळा दोष कचऱ्याच्या धुरावर टाकता येत नाही. पण या ३८ जणांतल्या बहुतेकांचे एक्स-रे नॉर्मल होते, हे विसरू नका. एजंटच्या ‘मेडिकल’मध्ये एक्स-रे नीट आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

आज प्रत्येक तळावर असा खड्डा आहे, असं मी म्हणत नाही. घातक कचरा उघड्यावर जाळण्यावर अमेरिकेने २००९ मध्येच कायद्याने बंधनं आणली. मला जास्त काळजी पुढची आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत ‘पॅक्ट’ कायदा झाला आणि धुरामुळे आजारी पडलेल्या माजी सैनिकांना उपचार आणि भरपाईची वाट मोकळी झाली. तो कायदा सैनिकांसाठी आहे. त्याच धुरात कपडे धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, एसी दुरुस्त करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तो लागू नाही, मग तो भारतीय असो, नेपाळी असो की फिलिपिनो. त्याच्यासाठी १९४१ चा ‘डिफेन्स बेस ॲक्ट’ आहे. कामगार कुठल्याही देशाचा असला तरी कंपनीला त्याचा विमा उतरवावा लागतो, आणि कामामुळे जडलेला आजारही त्यात येतो. आजार कामामुळे झाला हे लक्षात आल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. गावी परतल्यावर पाच-सात वर्षांनी धाप लागली, तर तो कुठल्या तळावर, कधी, कुणाकडे कामाला होता हे दाखवायला हातात कागदच हवेत.

म्हणून एजंटकडून तळाचं नाव लेखी घ्या. नुसतं ‘आखात’ चालणार नाही. २००४ मध्ये जॉर्डनमधल्या नोकरीच्या आशेने निघालेल्या बारा नेपाळी तरुणांना इराककडे नेण्यात आलं आणि तिथे त्यांची हत्या झाली. दुसऱ्या देशात किंवा तळावर हलवायचं तर मुलाची लेखी संमती लागेल, हे करारात हवंच. कचऱ्याची विल्हेवाट कशी लावतात आणि राहण्याची जागा तिथून किती लांब आहे, हे विचारा. विमा कंपनीचं नाव मागा. एजंटचा परवाना परदेशी नोकऱ्यांसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. मुलगा दहावी पास असेल तर पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची, म्हणजे कामासाठी देश सोडण्याआधी सरकारी मंजुरी घेण्याची, अट नसेल. म्हणजे त्याचा करार कुठलंही सरकारी कार्यालय आपणहून पाहणार नाही, तो तुम्हालाच वाचावा लागेल.

दम्याबद्दल मी स्पष्टच सांगतो. छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री करून घ्या, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची चाचणी. जाण्याआधी फुप्फुसं कशी होती याचा तोच पुरावा, रिपोर्ट जपून ठेवा. डॉक्टरांनी धूर-धुळीच्या कामाला मनाई केली, तर चौपट पगार असला तरी पाठवू नका. त्याच्या हातातल्या कलेला इथेही मागणी आहे. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरना, मोठ्या रुग्णालयांना चिलर सांभाळणारी माणसं लागतात. वर्षभर तो अनुभव घेतला, तर आखातातच हॉटेल किंवा रुग्णालयातली नोकरी मागता येईल.

एजंटचं लेखी उत्तर आलं की कराराच्या प्रतीसोबत मला पाठवा, मी वाचून कळवतो. तोवर मूळ पासपोर्ट आणि पैसे कुणाच्याही हातात देऊ नका.